खाडीतला आणि कृष्णेतला खरपा : एका तळवासी माशाचा परिचय
(प्राथमिक शिक्षकांच्या निसर्गनिरीक्षण वर्गात दिलेले भाषण)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या मुलखाशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या पाण्यात व खाड्यांत तळाशी राहणाऱ्या एका माशाची ही हकीकत आहे. आणि सातारा व सांगली हे आपले दोन्ही जिल्हे तर सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नसतो. आठवड्याच्या बाजारात येणारी सुकट आणि सुके बोंबील एवढाच त्यांचा समुद्राशी परिचय. परंतु मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो मासा खाडीत जसा राहतो, तसाच आपल्या कृष्णेतही राहतो. म्हणून समुद्राकाठच्या जीवसृष्टीचा पाठ देण्यासाठी आपणांस समुद्रावर जाण्याची आवश्यकता नाही. नदीकाठच्या बाजारात गेले तरी पुरे. हा मासा म्हणजे खरपा.

नाव आणि ओळख

खरपा हा नावाने फारसा प्रसिद्ध मासा नाही. गावोगाव त्याच्या नावाचा उच्चार बदलतो. कोकणात त्याच्या जातभाईंना खरबी म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याला ग्लोसोगोबियस ग्युरिस हे नाव दिले आहे. यातील ‘ग्लोसो’ म्हणजे जीभ. या माशाच्या जिभेचे टोक मधोमध दुभंगलेले असते, आणि त्यावरूनच या प्रजातीचे नामकरण झाले. तो गोबी नावाच्या कुळातला आहे. या कुळात जगभर सुमारे दोन हजार जाती मोजल्या गेल्या असून माशांच्या सर्वांत मोठ्या कुळांत त्याची गणना होते.

या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये केले. त्यानंतर दख्खनमध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साइक्स याने आपल्या प्रदेशातील मासे गोळा करून त्यांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. साइक्स याची एक पद्धत शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो माशांना नावे देताना येथील लोकांच्या तोंडची नावे पुष्कळदा तशीच उचलीत असे. खरप्यालाही त्याने ‘कुर्पा’ असेच जातिनाम दिले. पुढे हा हॅमिल्टनने वर्णिलेलाच मासा आहे असे ठरले, आणि आधीचे नाव कायम ठेवावयाचे या शास्त्राच्या नियमानुसार साइक्सचे नाव मागे पडले. तथापि त्याने दिलेली इतर काही मराठी नावे टिकून आहेत. दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्या माशाचे शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या असेच आहे. आपल्या भोई व कोळी बांधवांच्या तोंडचा शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला आहे, ही गोष्ट वर्गातील मुलांना अवश्य सांगावी.

दोन पाण्यांचा रहिवासी

खरप्याचा प्रदेश फार विस्तीर्ण आहे. आफ्रिकेचा पूर्व किनारा व तांबडा समुद्र यांपासून भारत, आग्नेय आशिया, दक्षिण चीन, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग येथपर्यंत तो आढळतो. इतक्या दूरवर पसरलेल्या या नावाखाली एकाहून अधिक जाती दडलेल्या असाव्यात, असाही विचार अभ्यासकांनी मांडला आहे. किनाऱ्यालगतचे उथळ समुद्रजल, खाडीचे निमखारे पाणी, नदी, ओढा, कालवा आणि तळे या सर्व ठिकाणी त्याची वस्ती असते. पाणी कोणतेही असो, त्याची जागा मात्र ठरलेली : वाळू, बारीक खडी किंवा चिखल यांचा तळ.

आपल्या मुलखाच्या भूगोलाशी याचा मेळ घालून पाहा. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते. माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, आणि सांगलीनजीक हरिपुरास वारणा मिळते. तेथून कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास संपवून ती बंगालच्या उपसागरास मिळते. उलटपक्षी कोयना धरणातील पाण्याचा मोठा वाटा बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळीकडे नेला जातो, वीज निर्माण करतो, आणि वाशिष्ठी नदीत सोडला जाऊन चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातो. सातारा जिल्ह्यावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन्ही समुद्रांस मिळतो. आणि या दोन्ही वाटांवर, कोकणच्या खाड्यांत व कृष्णेच्या खोऱ्यात, खरपा आहे. अर्थात तो बोगद्यांतून इकडून तिकडे गेला, असा याचा अर्थ नव्हे. धरण बांधण्यापूर्वी सव्वाशे वर्षे साइक्सला तो दख्खनमध्ये सापडला होता. नकाशाचा पाठ आणि निसर्गाचा पाठ एकत्र घेण्यास मात्र हे उदाहरण फार सोयीचे आहे.

तळाला जुळलेले शरीर

मासा म्हटला की आपण फळ्यावर दोन्ही टोकांस निमुळती अशी होडीसारखी आकृती काढतो आणि ‘माशाचे शरीर पोहण्यास अनुकूल असते’ असे सांगतो. हे खरे आहे. पण अपुरे आहे. पाण्याच्या मधल्या थरात सतत पोहणारा मासा आणि तळावर बसून राहणारा मासा यांच्या गरजा निराळ्या असतात, व त्याप्रमाणे त्यांची शरीरेही निराळी असतात.

खरप्याचे शरीर लांबट असते. धडाचा पुढचा भाग गोलसर, शेपटीकडील भाग बाजूंनी दबलेला, आणि डोके मात्र वरून चेपल्यासारखे चपटे. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात. कारण तळावर बसलेल्यास खाली पाहण्याचे प्रयोजन नाही, जे यावयाचे ते वरून किंवा समोरून. तोंड मोठे व तिरके असून खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. रंग पिवळसर तपकिरी, आणि अंगाच्या बाजूवर ओळीने काळपट ठिपके. ओल्या वाळूवर हा मासा ठेवला तर तो चटकन ओळखू येत नाही. आपल्या नद्यांत तो बहुधा वीतभर किंवा त्याहून लहान आढळतो. इतरत्र मात्र ५० सेंटिमीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत.

त्याच्या पाठीवर दोन स्वतंत्र पर असतात. पुढच्या परात सहा सडपातळ काटे असतात, आणि मागचा पर बहुतांशी मऊ किरणांचा असतो. परंतु मुलांना मुद्दाम दाखवावयाची गोष्ट पोटाखाली आहे. इतर बहुतेक माशांत पोटाचे दोन पर वेगळे असतात. खरप्यात ते एकमेकांस जोडले जाऊन एक लहानशी वाटी तयार झालेली असते. ही वाटी टेकवून तो तळावर बसतो, आणि प्रवाहात आपली जागा धरून ठेवतो. याच कुळातील काही मासे हवाई बेटांत या वाटीच्या साह्याने धबधब्याच्या ओल्या खडकावर चढून जातात, हे ऐकल्यावर मुले ती वाटी अधिक लक्ष देऊन पाहतील.

दुसरी गोष्ट अभावाची आहे. रोहूसारख्या माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा दिसते. पाण्यातील हालचालींची चाहूल देणारे ते इंद्रिय होय. खरप्याच्या अंगावर अशी रेषा नसते. त्याऐवजी डोक्यावर व गालांवर सूक्ष्म छिद्रे आणि उंचवट्यांच्या ओळी असतात. चाहूल घेण्याचे काम त्या करतात.

तळावर राहण्याची हीच एक तऱ्हा आहे असे मात्र नाही. कोकणच्या बाजारात मिळणारा लेप हा मासा तळावर एका कुशीवर पडून राहतो. लहानपणी त्याचे डोळे इतर माशांप्रमाणे दोन बाजूंस असतात, आणि वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूस येतो. पाकट वरून खाली चपटी झाली आहे. खाडीच्या चिखलातील निवटी ही खरप्याच्या आप्तांपैकीच. ती ओहोटीच्या वेळी चिखलावर येऊन परांच्या आधाराने सरपटते व उड्या मारते. तळ एकच, पण त्यावर संसार मांडण्याच्या रीती अनेक.

आहार आणि वीण

खरपा हा शिकारी मासा आहे, पण पाठलाग करणारा नव्हे. तो तळावर निश्चल बसून राहतो, आणि भक्ष्य टप्प्यात आले म्हणजे झेप घेतो. पाण्यातील किड्यांच्या अळ्या, झिंगे, लहान मासे हे त्याचे अन्न. प्रसंगी तो स्वतःच्या जातीची पिल्लेही खातो. याचा अर्थ असा की, तळाच्या वाळूत व चिखलात किडे-अळ्यांची वस्ती भरपूर असेल तरच खरपा तेथे सुखाने नांदेल.

गोबी कुळातील मासे आपली अंडी पाण्यात मोकळी सोडून देत नाहीत. ती दगड, शिंपले, काटक्या यांच्या पृष्ठभागास चिकट तंतूंनी जोडलेली असतात, आणि बहुधा नर त्यांची राखण करतो. आई पिल्लांची काळजी घेते एवढेच आपण मुलांना सांगत असतो. निसर्गात बापाची पाळीही असते, हे या निमित्ताने सांगता येईल. यातून दुसरीही गोष्ट निघते. अंडी चिकटविण्यास स्वच्छ दगड नसेल, अथवा त्यावर गाळाचा थर बसला असेल, तर वीण साधणार नाही.

गोड्या व खाऱ्या पाण्याचे कोडे

चौकस विद्यार्थी येथे विचारील : गुरुजी, गोड्या पाण्यातला मासा समुद्रात टाकला तर मरतो म्हणतात, मग हा दोन्हीकडे कसा जगतो? उत्तर देण्यास स्वयंपाकघरातील दोन उदाहरणे पुरतात. मनुका पाण्यात टाकली की फुगते. काकडीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. म्हणजे पातळ पडद्यातून पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे जाते.

माशाचे रक्त नदीच्या पाण्यापेक्षा खारट व समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट असते. नदीत असताना त्याच्या अंगात सारखे पाणी शिरत असते, म्हणजे त्याची स्थिती मनुकेसारखी. तेव्हा त्याची मूत्रपिंडे भरपूर व पातळ मूत्र बाहेर टाकतात, आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशी पाण्यातून क्षार आत ओढून घेतात. समुद्रात त्याची स्थिती काकडीच्या फोडीसारखी. अंगातील पाणी बाहेर जाऊ लागते. तेव्हा तो पाणी पितो, मूत्र थोडे टाकतो, आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर घालवितो. बहुतेक माशांना यांपैकी एकच कारभार साधतो. खाडीतील पाणी तर भरती-ओहोटीबरोबर दिवसातून अनेकदा खारट-गोडे होते. तेथे टिकून राहणाऱ्या खरप्यास दोन्ही कारभार करता येतात. म्हणूनच समुद्रकाठापासून घाटमाथ्यावरच्या नदीपर्यंत त्याचा विस्तार झाला.

तळ बिघडला म्हणजे

येथवर खरप्याचे गुण सांगितले. तो काटक आहे, जवळजवळ काहीही खातो, खारे व गोडे दोन्ही पाणी सोसतो. जागतिक पातळीवर या जातीस आज नाश पावण्याचा धोका मानला जात नाही. परंतु म्हणूनच तो आपणास उपयोगी साक्षीदार आहे. जेथून असा काटक मासाही नाहीसा होऊ लागतो, तेथील तळाची काही तरी हानी झाली आहे असे समजावे.

ही हानी मुख्यत्वे तीन प्रकारांनी होते. पहिली वाळूच्या उपशाने. वाळू म्हणजे नदीतील निरुपयोगी माती नव्हे. अळ्यांचे घर, खरप्याची बैठक आणि अंड्यांची जागा तीच आहे. ती खरवडून नेली की खाली खडक अथवा चिकण गाळ उरतो, आणि उपशाने उठलेला गाळ खालच्या अंगाच्या दगडांवर जाऊन बसतो.

दुसरी सांडपाण्याने. मळी, गावाचे मैलापाणी, कुजणारा पाला असा सेंद्रिय माल पाण्यात पडला की त्यावर जीवाणू वाढतात, आणि ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला, पाणी बंधाऱ्यामागे तुंबले, म्हणजे ही ओढ अधिक तीव्र होते. आणि तुंबलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत आधी कमी होतो तो तळाशी, कारण कुजणारा माल तेथेच साचतो व वरची हवा तेथवर पोचत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या संख्येने मेलेले मासे तरंगताना आढळले, हे आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. अशा वेळी लोक काठावरून दिसतात तेवढेच मासे मोजतात. तळाच्या अळ्या, झिंगे आणि खरपे यांची मोजदाद कोणी करीत नाही. पण पुढील वर्षीच्या माशांचे अन्न त्यांच्याबरोबरच गेलेले असते. खाडीकडेही स्थिती निराळी नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीच्या मच्छिमारांच्या तक्रारी जुन्या आहेत.

तिसरी परक्या माशांनी. तिलापिया हा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो झपाट्याने वाढतो, आणि विणीच्या वेळी तळात खड्डे करून घरटी मांडतो. आज आपल्या नद्या-तलावांत तो सर्रास दिसतो. ज्या तळावर आपले मासे विसंबून आहेत, त्याच तळावर त्याने हक्क सांगितला आहे.

वर्गात काय करता येईल

आता प्रत्यक्ष कार्याविषयी. प्रथम एक सूचना, आणि ती आज्ञेप्रमाणे मानावी. मासे पाहण्यासाठी मुलांना नदीत उतरवू नये. डोहांचा अंदाज येत नाही, आणि भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरींचा वावर आहे. आपले काम काठावर व बाजारात होण्यासारखे आहे.

बाजाराच्या दिवशी ताजे खरपे मिळाल्यास एक-दोन आणून पांढऱ्या ताटात ठेवावेत. शेजारी रोहू किंवा अन्य पोहणारा मासा ठेवावा. मुलांना आधी काही सांगू नये. दोन्हींची चित्रे पाटीवर काढावयास लावावीत. डोळे कोठे आहेत, तोंड कोणीकडे उघडते, पोटाखालचे पर वेगळे की जोडलेले, अंगावर रेषा आहे की नाही, एवढे चार प्रश्न पुरेत. मग विचारावे : यांतील कोणता तळाशी राहत असेल? उत्तर मुलांनी आपल्या डोळ्यांनी शोधलेले असले म्हणजे ते विसरले जात नाही. जिवंत मासा मिळालाच, तर तळाशी वाळू घातलेल्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत नदीचेच पाणी भरून तो थोडा वेळ ठेवावा, आणि जेथून आणला तेथेच सोडावा. दुसऱ्या तळ्यात कदापि सोडू नये.

ज्या घरांत मत्स्याहार वर्ज्य आहे, तेथील मुलांवर मासा हाताळण्याची सक्ती करू नये. त्यांना चित्र काढण्याचे व नोंद ठेवण्याचे काम द्यावे. माण, खटाव, जत अशा दुष्काळी भागांतील शाळांनी नदी नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. पाझर तलाव किंवा गावतळे त्यांच्या उपयोगी पडेल.

सर्वांत महत्त्वाचे असे की, आपल्या वर्गात भोई किंवा कोळी घरातील मुले असतील, तर त्या दिवशी त्यांना बोलू द्यावे. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कशाच्या तळावर सापडतो, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एरवी अंकगणितात मागे पडणारा असा एखादा मुलगा या विषयात आपल्या गुरुजींच्याही पुढे असेल. त्याच्या वडिलांना शाळेत बोलवावे, माशांची स्थानिक नावे त्यांच्याकडून लिहून घ्यावीत, आणि पूर्वी मिळणारे पण आता न मिळणारे मासे कोणते, हे विचारावे. ती यादी, तारीख व गावाचे नाव घालून, शाळेच्या दप्तरी ठेवावी. दरवर्षी एक पान लिहिले, तरी दहा वर्षांनी आपल्या नदीच्या तळाचा असा इतिहास तयार होईल, जो आज कोणत्याही कचेरीत नाही.

बंधु-भगिनींनो, मोठा व देखणा प्राणी वाचविण्यास माणसे सहज पुढे येतात. खरपा देखणा नाही, मोठा नाही, आणि तळाशी राहत असल्याने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नदीचे पाणी वरून निळे दिसते की गढूळ, एवढेच आपण पाहतो. तिचे आरोग्य मात्र तळाशी ठरते. तळाकडे पाहण्याची सवय मुलांना लागली, तर उद्या गावाचा कारभार त्यांच्या हाती येईल तेव्हा वाळूचा आणि सांडपाण्याचा निर्णय घेताना तिचा त्यांना उपयोग होईल. येत्या बाजाराच्या दिवशी आपण सर्वांनी या कामास आरंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.